गुडघ्यानं चालणारी मशीन

हिंगोलीकडच्या गोरेगावात मी बायकांचे ब्लाउज शिवते. ज्यांच्या लग्नाचे ब्लाउज मी शिवले, त्यांच्या लेकींच्या लग्नाचेही माझ्याच हातून शिवून झाले, यावरून काय तो हिशेब समजा. घर बाजाराच्या रस्त्यावर आहे. पुढची खोली दुकानाची, मागं आम्ही राहतो. समोरून सेनगावच्या आणि हिंगोलीच्या जीपा भरतात, त्यामुळं जीप भरेपर्यंत बायका माझ्याकडं बसून असतात. घरात आम्ही दख्खनी बोलतो, पण माझी शाळा मराठी झाली आणि गिऱ्हाइकांशी मी जन्मभर मराठीच बोलले, म्हणून लिहायला बसलं की मराठीच येते.

माझं काम चांगलं आहे. हे मी लाजत सांगत नाही. माझ्या हातचा ब्लाउज काखेत काचत नाही आणि पाठीवर फुगत नाही. पण लोकांना वाटतं शिवणकाम हाताचं असतं. ते निम्मं पायाचं असतं. कापड कुठं वळवायचं ते हात बघतात, मशीन किती पळवायची ते पाय बघतात. बाहीच्या गोलाईपाशी माझे पाय आपोआप सावकाश व्हायचे, सरळ शिवणीवर सुसाट सुटायचे. चपला काढून, पायडलवर दोन्ही पाय उघडे ठेवून मी मशीन चालवायची. लोखंडाचा गारवा तळव्याला लागला की काम सुरू झाल्यासारखं वाटायचं. बोलता बोलता, कुणाला चहा विचारता विचारता पाय चालूच. पायाकडं बघायची गरज मला कधी पडली नाही.

शुगर निघाली ती माझे मालक वारल्यानंतर. थकवा येत होता, सारखी तहान लागत होती, म्हणून मुलानं रक्त तपासायला नेलं. डॉक्टरांनी गोळी दिली. मी गोळी घ्यायची, म्हणजे आठवण राहील त्या दिवशी घ्यायची, आणि चहात साखर कमी टाकायची. साखर रक्तात वाढते एवढं मला माहीत होतं. तिचा पायांशी काही संबंध असेल असं कधी मनातही आलं नाही.

पहिल्यांदा तळव्यांची आग व्हायला लागली. संध्याकाळी काम उरकून बसलं की पायाला मुंग्या यायच्या. मी त्याला दिवसभराची शिलाई समजायची. काही महिन्यांनी आग कमी झाली, तेव्हा मला आनंद झाला. म्हटलं, बरं झालं, गेलं एकदाचं. खरं म्हणजे ते बरं होणं नव्हतं. पाय आता बोलायचेच बंद होत होते. फरशीवर चालताना खाली कापूस अंथरल्यासारखं वाटायचं. एकदा बाजारातून घरी आले तर सुनेनं विचारलं,

"अम्मी, दुसरी चप्पल कुठंय?"

खाली बघितलं तर एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. चप्पल कुठं सुटली, कधी सुटली, काही कळलं नव्हतं. मी हसून म्हटलं, अंगठा ढिला झालाय चपलेचा.

मग तोल. वजू करताना तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की मी पुढं कलायची, भिंतीला हात लावावा लागायचा. बुरखा डोक्यावरून घालताना तोंड कापडाआड गेलं, एवढ्या क्षणात एकदा मी कपाटावर जाऊन आदळले. घरात सांगितलं, ओढणी पायात अडकली. कुणाला खोटं वाटलं नाही, मलाही ते खरंच वाटलं. माणूस पडतो तेव्हा काहीतरी अडकलेलंच असतं असा आपला समज असतो.

पण मशीन खोटं बोलू देईना. पायडलवरची मशीन पायाचा ताल जरासा चुकला की चाक उलटं फिरवते, आणि चाक उलटं फिरलं की दोरा तटकन तुटतो. नव्यानं शिकणाऱ्या पोरींचं तसं होतं. आता ते माझं व्हायला लागलं. आधी दोऱ्याला दोष दिला, मग तेलाला, मग पट्ट्याला. शेवटी मिस्त्रीला बोलावलं. तो आजूबाजूच्या गावांत फिरून मशिनी दुरुस्त करतो, माझी मशीन त्याच्या ओळखीची आहे. त्यानं खोलून बघितली, तेल दिलं, मग स्वतः बसून एक लांब शिवण मारली. मशीन मुकाट्यानं चालली.

"भाभी, मशीन बराबर हाय," तो म्हणाला. "तिला काई तकलीफ न्हाई."

मी बसले. चार टाके गेले, चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. मिस्त्री माझ्या पायांकडं बघत होता. मग त्यानं हत्यारं पिशवीत भरली. त्या दिवशी मला राग आला, तो मिस्त्रीचा नव्हता.

पुढं जे झालं ते माझ्या मैत्रिणीमुळं लवकर कळलं, नाहीतर पाय गेलाच असता. ही मैत्रीण जवळच्या तांड्यावरची. तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख फिरायचे, आता तिच्या घरी सोयाबीन आणि हळद होते. माझ्याहून थोडी मोठी आहे म्हणून मी तिला अक्का म्हणते, ती मला भाभी म्हणते. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि नवरीच्या ब्लाउजचं रेशमी कापड घेऊन ती आली होती. दुपारची नमाज व्हायची होती म्हणून मी तिला बसवलं, मागच्या मोरीवर वजू केला आणि ओल्या पायांनी आत आले.

"भाभी," अक्का म्हणाली, "हे फरशीवर काय सांडलंस? कुंकू हाय का रंग?"

"कुठं?"

"हे बघ की. पावलाचं हाय. तुझ्याच पावलाचं."

मी मागं वळून बघितलं. शहाबादीवर माझी ओली पावलं उमटली होती, आणि उजव्या पावलाच्या चवड्याखाली प्रत्येक ठिकाणी लाल डाग होता. अक्कानं मला धरून स्टुलावर बसवलं आणि काही न विचारता माझा पाय तिच्या मांडीवर घेतला.

"अगं बाई! सुई हाय आतमंदी. मोडकी सुई. अन् तुला कळलं न्हाई?"

"न्हाई."

"आता दुखून राहिलं का?"

"न्हाई."

"काहून न्हाई?"

आताच हातानं पाय धुतला होता, बोटांच्या फटी धुतल्या होत्या, तरी कळलं नव्हतं. सुई मशीनचीच होती. जाड कापडावर सुई मोडते, तुकडा उडतो, मी तो शोधून डबीत टाकते. हा तुकडा सापडला नसणार आणि मी उघड्या पायानं त्यावर उभी राहिले असणार. कधी, ते सांगता येईना. अक्का ती ओढायला निघाली होती, मी हात धरला. आत अजून किती आहे कुणाला माहीत? मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान दोन घरं सोडून आहे. तो धावत आला आणि पहिल्या जीपमध्ये मला घालून हिंगोलीला निघाला. अक्काही सोबत बसली. रेशमी कापड तिच्या काखेतच राहिलं होतं.

हिंगोलीच्या दवाखान्यात पायाचा एक्स-रे फोटो काढला. चवड्यात सुईचं टोक खोल गेलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात शांत. त्यांनी छोटीशी चीर देऊन तुकडा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. आजूबाजूला पू झाला होता, म्हणजे सुई काही दिवस आतच होती. रक्तातली साखर बघून त्यांनी मान हलवली. मग मला म्हणाल्या, "मावशी, आता जरा पाय तपासू. डोळे मिटा. मी स्पर्श केला की हो म्हणा."

मी डोळे मिटून वाट बघत राहिले. काहीच होईना. मला वाटलं त्या दुसऱ्या पेशंटकडं गेल्या. डोळे उघडले तर त्या माझ्या अंगठ्यावर नायलॉनचा बारीक दोरा टेकवून बसल्या होत्या, आणि दारात उभा असलेला माझा मुलगा भिंतीकडं बघत होता. दोरा वर सरकत गेला. घोट्यापाशी काही नाही. नडगीवर कुठंतरी, लांबून कुणी हाक मारावी तसं. गुडघ्यापाशी मात्र लख्ख कळलं.

नंतर त्यांनी मला उभं केलं. पाय जुळवायला लावले. "हात खाली सोडा आणि डोळे मिटा. मी धरायला आहे."

मी सरळ उभी होते. अगदी शपथेवर सांगितलं असतं की मी सरळ उभी आहे. तेवढ्यात अक्का ओरडली, आणि मी डोळे उघडले तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या हातात होते, पार तिरपी.

खुर्चीत बसवून त्यांनी मला समजावलं. घाई केली नाही, आणि मी लहान पोरगी असल्यासारखंही बोलल्या नाहीत. "साखर खूप दिवस वाढलेली राहिली की पायाच्या नसा मंद होतात. सगळ्यात लांबच्या नसा आधी, म्हणून बोटांपासून सुरुवात. त्याच नसा दुखणं सांगतात, आणि पाय कुठं टेकलाय, वजन कुठं पडतंय, हेही त्याच सांगतात. सध्या तुमचा तोल तुमचे डोळे सांभाळतायत. डोळे मिटले की सांभाळायला कुणी नाही."

मला तोंडावर पाणी मारताना कलणं आठवलं, बुरख्यातलं कपाट आठवलं, लाइट गेल्यावर भिंत चाचपत उभं राहणं आठवलं. इतके दिवस वेगवेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एकाच घरच्या निघाल्या. विचित्र वाटेल, पण मला जरा बरं वाटलं. मी वेंधळी झाले नव्हते. म्हातारपणानं डोकं फिरलं नव्हतं. एक नस काम करत नव्हती, आणि जे काम करत नाही त्याचं काय करायचं हे बघता येतं.

"नसा परत येतील का?" मी विचारलं.

"गेलेलं सगळं परत येत नाही. पण साखर ताब्यात ठेवली तर पुढचं वाचवता येतं. आणि तोल शिकता येतो. या वयातही."

हे शेवटचं वाक्य मी गाठीशी बांधलं.

जखम भरायला फार वेळ लागला. साध्या माणसाला आठवड्यात बरं झालं असतं. माझं ड्रेसिंग चालूच राहिलं, वजन टाकायचं नाही, पायडलला पाय लावायचा नाही. इन्सुलिन सुरू झालं, ते सून टोचायची. रोज सकाळी ती माझे दोन्ही पाय मांडीवर घेऊन तळवे, टाचा, बोटांमधली जागा बघायची. सुनेनं असे पाय हातात घ्यावेत याचा मला सुरुवातीला फार संकोच व्हायचा. मी पाय ओढून घ्यायची. एक दिवस ती म्हणाली, "अम्मी, तुमच्या पायाला जे कळत न्हाई ते माझ्या डोळ्यांना कळून राहिलंय. बघू द्या ना." त्यानंतर मी पाय ओढला नाही.

त्या दिवसांत मी स्टुलावर पाय ठेवून हुक लावायची, काज करायची, तुरपाई करायची. मशीन मात्र कापड घालून झाकून ठेवली होती. मुलगा म्हणायला लागला, "अम्मी, आता बस झालं शिवणकाम. आराम करा." प्रेमानंच म्हणत होता. मी त्याला विचारलं, "आराम करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" मग त्यानंच मशीनला मोटार बसवून आणली. मला म्हणाला, आता ताकद लावायला नको, पाय नुसता टेकवायचा.

डॉक्टरीणबाईंनी जखम भरल्याचं सांगितलं त्या दिवशी मी मोटारीवर बसले. घरात सगळे जमले. अक्काही आली होती, कारण लग्न जवळ आलं होतं आणि रेशमी कापड अजून तसंच होतं. मी त्याला हात लावला नाही. एवढी अक्कल मला आहे. आधी चिंधी घेतली.

पाय टेकवला. काही होईना. जरा दाबला. काही होईना. आणखी जरा दाबला, आणि मोटार किंचाळत सुटली. चिंधी सुईखालून भर्रकन गेली, मागून माझं बोट चाललं होतं, ते मी कसंबसं ओढलं. मी पाय उचलला तरी मशीन थांबेना. सून ओरडली, "अम्मी, पाय!" मी म्हटलं, "उचललाय की!" खाली बघितलं तर पाय पायडलवर तसाच दाबलेला होता. मी उचलला होता तो फक्त माझ्या मनात.

मुलानं बटण बंद केलं. अक्कानं चिंधी उचलून बघितली, टाके पार वेडेवाकडे. "ऱ्हाऊ दे भाभी," ती हळूच म्हणाली, "ब्लाउज हिंगोलीहून शिवून घेईन."

मी म्हटलं, "कापड इथंच ठेव. लग्नाला अजून वेळ हाय."

ते मी कशाच्या जोरावर म्हटलं, तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. जुन्या पायडलकडं परत जायचं म्हटलं तर पाय बघून चालवावे लागले असते, आणि सुईकडंही बघायचं, पायाकडंही बघायचं, तर डोळे चार लागले असते. त्या दुपारी सगळे गेल्यावर मी खुर्चीत बसून स्वतःची तपासणी केली. डोळे मिटले आणि ओढणीचं टोक बोटांपासून वर फिरवत नेलं. घोट्यावर काही नाही. नडगीवर शंका. गुडघ्याला टोक लागलं आणि मला ते असं स्वच्छ कळलं की मी डोळे उघडून हसले. पाय ऐकत नसले तर गुडघा ऐकतोय की! मशीनला काय, कुणीतरी कमी-जास्त दाबलं पाहिजे. ते तळव्यानंच दाबावं असं कुठं लिहिलंय?

मिस्त्रीला परत बोलावलं. त्याला म्हटलं, हे मोटारीचं पायडल खालून काढा, एका फळीवर उभं ठोका आणि मशीनच्या उजव्या पायाला आतल्या बाजूनं आवळून बसवा. माझा गुडघा बाहेर सरकला की त्याला लागला पाहिजे.

तो डोकं खाजवत म्हणाला, "भाभी, असं कुणी करत न्हाई."

"मग आता तुमी करा."

त्यानं केलं. फळी एकदा खाली झाली, एकदा फार वर झाली, तिसऱ्यांदा बरोबर बसली. नव्या पोरींना मी पहिल्यांदा दोरा न ओवता कागदावर शिवायला लावते. खडूची सरळ रेघ, मग वळणाची, मग गोल. मी तेच केलं. वर्तमानपत्रावर रेघा मारल्या आणि शिकाऊ पोरीसारखी बसले. पहिल्या दिवशी गुडघ्याचा धक्का बसायचा आणि मशीन उडी मारायची. मांडी रात्रीपर्यंत ठणकली. पण ठणकली हे कळलं, याचंच समाधान. जसजसे दिवस गेले तसा गुडघा शहाणा झाला. थोडं बाहेर सरकलं की सावकाश, जास्त सरकलं की पळती. आणि सोडलं की खरंच सुटायचं. मग एका सकाळी गोल रेघेवर सुई न चुकता फिरून जिथून निघाली तिथं पोचली, तेव्हा मी सुनेला हाक मारून तो कागद दाखवला. तिनं तो उजेडात धरला. भोकांमधून ऊन आलं.

रेशमी कापड मी त्यानंतर कापलं.

मशीन चालली म्हणजे सगळं झालं असं नव्हतं. दवाखान्यात व्यायाम शिकवणारे एक गृहस्थ होते, त्यांनी मला काही प्रकार दाखवले होते. ते मी रोज ओट्याला धरून करायची. टाचा उचलून चवड्यावर, मग चवडे उचलून टाचेवर. हात न टेकता खुर्चीतून उठायचं. एका पायावर उभं राहायचं, हात ओट्याजवळ. फरशीच्या सांध्यावरून एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत चालायचं. सून मागं उभी असायची. सुरुवातीला मी वाऱ्यावरच्या साडीसारखी हलायची. एकदा अक्का आली आणि दारातूनच बघत राहिली.

"भाभी, सर्कशीत जाऊन राहिली का?"

"ये, तू करून दाखव."

ती पदर खोचून आली. तीन पावलं गेली आणि कपबशांच्या मांडणीला जाऊन धडकली. आम्ही तिघी इतक्या हसलो की जीपवाला बघायला आला. त्यानंतर अक्का आली की आम्ही दोघीही सांध्यावरून चालायचो, ती नेहमी माझ्या आधी घसरायची, कारण ती घाई करते.

घरातही आता मी बंद, रुंद, पट्ट्याचे बूट घालते. बाहेरचे वेगळे, घरातले वेगळे. घालायच्या आधी उपडे करून झटकते, आत हात घालून बघते. गल्लीत सुरुवातीला बायका बघायच्या, ही घरात बूट घालून काहून फिरून राहिली म्हणून. मी त्यांना खरं कारण सांगून टाकलं. सांगितलं की बघणं बंद होतं. नमाजच्या वेळी जानमाजेवर, म्हणजे नमाजच्या चटईवर, उभं राहण्यापुरते ते काढते. उभी राहते ती भिंतीजवळ, हात पोचेल अशी. सजद्यात कपाळ जमिनीला टेकून उठताना घेरी आल्यासारखं व्हायचं, म्हणून तेवढं खुर्चीवर बसून करते. मुलींना कुराण शिकवणाऱ्या आपांना विचारलं तर त्या म्हणाल्या, पडून हात मोडून घ्यायला कुणी सांगितलेलं नाही.

अक्काच्या नातीचा ब्लाउज झाला. बाहीवर आरसे लावलेली पट्टी होती, ती हातानं टाचली, बाकी सगळा गुडघ्यानं शिवला. नवरी घालून बघायला आली, हात वर करून, खाली करून, पाठ वळवून बघितलं. एकही टाका उसवावा लागला नाही. अक्कानं तो ब्लाउज नातीच्या अंगावरच चाचपून बघितला, शिवणी उलटवून बघितल्या, आणि म्हणाली, "पायानं शिवायचीस त्याच्यापेक्षा हे नीट हाय." ते खरं नव्हतं. पण काम वाईटही नव्हतं, आणि ते मला आणि तिला दोघींनाही माहीत होतं.

लग्नाला येऊ नको असा निरोप तिनंच पाठवला. वाट खराब, ढेकळं, दगड, वर गर्दी. मी जाणारच होते. मुलानं दुचाकीवरून तांड्याच्या अलीकडं सोडलं, तिथून पुढं शेताच्या कडेनं पायवाट आहे. मी काठी घेतली होती. काठीनं म्हातारी दिसते का? दिसते. म्हातारीच आहे मी. काठी पुढं टेकवायची, ती जे सांगेल ते हाताला कळतं, मग पाऊल. पाऊल टाकताना नजर खाली. गाणी ऐकू येत होती तरी मान वर केली नाही, पोचल्यावर केली.

मांडवाबाहेर तांड्याच्या बाया फेर धरून नाचत होत्या. अक्कानं मला बघितलं आणि फेर सोडून आली. आधी शिव्या दिल्या, मग ओढायला लागली. मी फेरात शिरले नाही. बाजूला उभी राहिले, एक हात काठीवर, एक हात अक्काच्या हातात, आणि तिथंच खांद्यांनी ताल धरला. पाय रोवून ठेवले होते, बाकीचं अंग नाचलं. नवरीनं लांबून हात हलवला. आरशांच्या बाह्या उन्हात चमकल्या. दिवस कलायच्या आत मी निघाले, कारण अंधार पडला की माझ्यासाठी ते डोळे मिटण्यासारखंच असतं, आणि तांड्यावरच्या कुणालाही मला उचलून न्यायचा त्रास मला द्यायचा नव्हता. अक्काच्या सुनेनं बांधून दिलेल्या गोडातलं मी एक बोटभर चाखलं, बाकी घरच्यांना नेलं.

या गोष्टीला आता बराच काळ झाला. मध्यंतरी तपासणीला गेले तेव्हा तळव्याला दोरा कळला नाही, तो कळणारही नाही. पण डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पाय जुळवून डोळे मिटायला लावले तेव्हा मी हलले, पडले नाही. त्या म्हणाल्या, छान. साखर ताब्यात आहे. गोळी आता आठवणीवर सोडत नाही, चहाच्या कपाशेजारी ठेवते. अजून पायाची आठवण येते, नाही म्हणत नाही. कुणी पोरगी अनवाणी धावत दुकानात शिरली की मी तिच्या पावलांकडं बघते.

गेल्या बाजाराच्या दिवशी समोरची किराणावाली आली. फॉल लावायला साडी आणली होती. माझ्याएवढीच आहे, शुगरही आहे, गोळ्या घेते, पण आपले पाय एकदम ठीक आहेत असं सगळ्यांना सांगत असते. खुर्चीत बसली तशी तिनं चपला काढल्या. बोलता बोलता मी तिच्या टाचेकडं बघितलं. तिथं फोड होता, चांगला मोठा, कडेनं लाल.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"काय कधी झालं?" ती म्हणाली.

मी साडी बाजूला ठेवली. तिला म्हटलं, पाय वर घे. ती संकोचली, पदरानं झाकायला लागली, तशी मी स्वतःच खाली स्टुलावर बसून तिचा पाय माझ्या मांडीवर घेतला. आधी ती "राहू द्या हो, राहू द्या" करत होती, मग फोड दिसल्यावर तिनंच पाय नीट पुढं केला. बाहेर जीपवाला हिंगोली, हिंगोली म्हणून ओरडत होता. मी त्याला दारातूनच सांगितलं, दोन माणसं आहेत, पुढची सीट ठेव.